मदत हवी आहे: जुन्या फायबर मोटारबोटीचं इंजिन चालू झालं, पण मागची फळी हलते

बांधीतला_नावाडी:

नमस्कार मंडळी. ट्रॅक्टर, बोअरची मोटर, पिठाची गिरणी, सगळ्यांवर इथं धागे आहेत. बोटीवर एकही सापडला नाही, म्हणून नवा काढतो.

मी पवनी तालुक्यातला. धानाची शेती आहे आणि मोटार वायंडिंगचं छोटं दुकान. १९८८ ला गोसेखुर्दची पायाभरणी झाली तेव्हा मी दुसरीत होतो. आता धरणाचं फुगवट्याचं पाणी आमच्या शेवटच्या बांधीपासून पाच मिनिटांवर आलं आहे. इकडे पाण्यावर जायचं म्हणजे ढिवरांचा, म्हणजे मासेमारांचा, डोंगा, दुसरं काही नाही. मागच्या दिवाळीनंतर एका बंद पडलेल्या बोटिंग केंद्राचं भंगार विकायला निघालं. त्यात चौदा फुटी फायबरची बोट दिसली आणि माझं डोकं फिरलं. इंजिनासकट ३८,००० ला घेतली. घरी २२ सांगितले आहेत.

बोट चार सीटची, समोर स्टिअरिंग. इंजिन जपानी, २५ एचपी, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, मागं लटकवायचं. पंधरा-वीस वर्षं उघड्यावर पडून होती. आता आमच्या कोठ्यात तणसीच्या बाजूला आहे आणि म्हशीला ते अजून पटलेलं नाही.

इंजिन हा आपला प्रांत, म्हणून तिथून सुरुवात केली. कार्ब्युरेटर उकलून धुतला, प्लग नवे टाकले, फ्लायव्हीलखालच्या कॉइल मीटरवर तपासल्या. कॉम्प्रेशन एका सिलिंडरला ११०, दुसऱ्याला १०५. दोनशे लिटरच्या ड्रममध्ये पाणी भरून, खालचा भाग बुडवून दोरी ओढली. तिसऱ्या ओढीला चालू! पूर्ण गल्ली जमा झाली. पण बाजूच्या भोकातून थंड पाण्याची जी पिचकारी यायला पाहिजे ती आधी बारीक आली, मग बंदच झाली. लगेच इंजिन बंद केलं.

खरा प्रश्न वेगळाच आहे. इंजिन बोटीला लावून खालून वर टेकवताना लक्षात आलं की ज्या मागच्या फळीवर ते लटकते, ती फळीच लवते. बोल्टचे वायसर आत रुतले आहेत. एका जुन्या स्क्रूच्या भोकातून चहासारखं पाणी ठिपकत होतं, आणि ते उन्हाळ्यात, चार महिने छपराखाली राहून! आधीच्या कोणीतरी तिथं गाडीची पुट्टी भरून वरून निळा रंग मारला आहे.

गावातला वेल्डर म्हणतो, "भाऊ, दोन्ही बाजूनं सहा एमएमची लोखंडी पाटी लावून देतो, आरपार बोल्ट, बाप जन्मात हलणार नाही." हे चालेल का? की फळी बदलावी लागते? बदलायची तर ती फायबरच्या आत आहे, काढायची कशी? आणि एवढं करून बोट त्या लायकीची आहे का, हेही स्पष्ट सांगा. वाईट वाटणार नाही. (थोडं वाटेल.)

तर्रीपोहे:

बावीस हजार? भाऊ, स्क्रीनशॉट वहिनींना पाठवून राहिलो.

डोलकाठी:

मी रत्नागिरीकडचा. फायबरच्या मच्छीमार होड्या बांधणाऱ्या कारखान्यात नऊ वर्षं होतो. आमच्याकडे या फळीला ट्रान्सम म्हणतात. बाहेर फायबर, आत फायबर, मधे प्लायवूड. स्क्रूच्या भोकातून पाणी आत शिरतं, बाहेर यायला वाट नसते, प्लाय कुजतो. वरून बोट चकाचक दिसते.

लोखंडी पाटी लावू नका. कुजलेल्या लाकडावर दोन बाजूंनी दाब दिलात की ते चेपतं, बोल्ट आठवड्यात ढिले होतात. इंजिनचं वजन हा भाग छोटा आहे. पूर्ण जोरात जाताना पंखा सगळी बोट या एका फळीतून ढकलत असतो. ती भर पाण्यात सुटली तर इंजिन तळाला आणि मागं भगदाड.

तीन गोष्टी करून बघा. एक, प्लास्टिकच्या मुठीच्या स्क्रू-ड्रायव्हरने ट्रान्सम आणि तळ सगळीकडे ठोका. चांगल्या जागी टणक आवाज येतो, खराब जागी भद्द. दोन, आतल्या बाजूने पाच एमएमची भोकं पाडा, वर दोन, मधे दोन, खाली दोन, आणि भुसा कसा निघतो ते बघा. कोरडा पिवळा की काळा चिखल. तीन, जमलं तर इंजिन काढून बोटीचं वजन करा. एवढ्या बोटीचं दोनशे-सव्वादोनशे किलोच्या आसपास भरायला हवं.

बांधीतला_नावाडी:

धन्यवाद दादा. तिन्ही केलं.

ट्रान्समच्या खालच्या दोन भोकांतून जे निघालं ते शेणासारखं, वासही तसाच आंबट. मधल्या दोनमधून ओला तपकिरी भुसा. वरचे दोन कोरडे. तळातल्या दोन लांब पट्ट्यांपैकी डावी मागच्या हातभर जागेत भद्द वाजते, बाकी टणक.

वजनासाठी राइस मिलच्या काट्यावर ट्रॉलीसकट नेली. धानाच्या गाड्यांच्या रांगेत बोट! हमालांनी विचारलं, हिचा ओलावा किती टक्के. ट्रॉली वजा करून ३४० किलो भरली. शंभर-सव्वाशे किलो कुठून आले?

डोलकाठी:

पाणी आहे ते. सीटखाली आणि फरशीखाली फोम भरलेला असतो, बोट उलटली तरी तरंगावी म्हणून. वर्षानुवर्षं पावसाचं पाणी साचलं की तोच फोम स्पंज होतो. फरशी कापून तो काढावाच लागेल, वाळवायच्या नादी लागू नका, वाळत नाही. आणि तळाचा बूच उघडा ठेवून बोटीचं नाक वर करून ठेवा. हे आधीच्या मालकाने केलं असतं तर तुमचे हे सगळे पैसे वाचले असते.

बोट लायकीची आहे का? तळाचं बाहेरचं फायबर टणक वाजत असेल आणि मधल्या कण्यावर आडवी तडा नसेल, तर आहे.

आता पद्धत. आधी बोटीला खालून दोन-तीन ठिकाणी नीट टेकू द्या, लाकडाला जुनी गोधडी गुंडाळून. नाहीतर ट्रान्सम उघडल्यावर बाजू फाकतात आणि नवी फळी वाकड्या आकारात कायमची बसते. ग्राइंडरने फक्त आतलं फायबर कापायचं, कडेने तीन इंच पट्टी सोडून. बाहेरच्या फायबरला हात लावू नका, तोच तुमचा साचा. कुजलेलं लाकूड पटाशीने खरवडून काढा, मग खडबडीत चकतीने स्वच्छ फायबर दिसेपर्यंत घासा. मास्क, चष्मा, पूर्ण बाह्यांचा शर्ट. त्या धुळीची खाज दोन दिवस जात नाही, आणि फुफ्फुसात गेली तर खाजवताही येत नाही.

प्लाय आयएस ७१० शिक्क्याचाच घ्या, तो मरीन ग्रेड. दुकानदार ३०३ चा दाखवून "वॉटरप्रूफच आहे" म्हणेल, घेऊ नका. पुठ्ठ्याचा नमुना कापून बघा, मग १८ एमएमचे दोन तुकडे एकमेकांना चिकटवा. एकूण जाडी जुन्याइतकी हवी, नाहीतर इंजिनाचा शिकंजा बसणार नाही. प्लायच्या कडांना रेझिन (फायबर ज्यात भिजवून चिकटवतात ते रसायन) पिऊ द्या, दोन-तीन हात. पाणी कडेतूनच शिरतं. बाहेरच्या फायबरवर रेझिनमध्ये पावडर घालून श्रीखंडाइतका घट्ट लगदा पसरा आणि फळी त्यात दाबून बसवा, कडेने लगदा बाहेर आला पाहिजे. मधे हवा राहिली की पुन्हा तिथंच पाणी.

कोपऱ्यांना त्याच लगद्याची गोलाई द्या. फायबरचं कापड काटकोनात वळत नाही, खाली पोकळी राहते. त्यावर मॅट (फायबरच्या सुट्या तंतूंची चटई) आणि विणलेलं कापड आलटून पालटून, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा पुढे, बाजूंवर आणि तळावर वीतभर तरी चढवून.

पैसे असतील तर नेहमीच्या पॉलिएस्टरऐवजी इपॉक्सी रेझिन वापरा, जुन्या फायबरला जास्त चांगली धरते. पण तिच्याबरोबर साधी मॅट चालत नाही. मॅटमधला चिकटा पॉलिएस्टर रेझिनच्या स्टायरिनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत नाही. तिथं कापडच लागतं.

कूलरवाला:

मी नागपुरात फायबरचे कूलर आणि दरवाजे बनवतो, बोट कधी बनवली नाही. पण रेझिनबद्दल दोन शब्द, कारण कोकणातल्या दादांना आपल्या मे महिन्याचा अंदाज नसेल.

हार्डनर साधारण एक ते दोन टक्के टाकतात. आपल्याकडे ४४ डिग्रीला दोन टक्के टाकाल तर ब्रश बुडवेपर्यंत मग्ग्यात दगड. दगडाआधी धूर. एकदम किलोभर कालवलं की स्वतःच्याच उष्णतेने तापतं, प्लास्टिकचा मग्गा वितळताना मी पाहिला आहे. पाव-पाव किलो कालवा, पसरट भांड्यात, पहाटे पाच ते आठ. पावसाळ्यात हात लावू नका, मॅट दमट होते आणि थर सुटतात. माझं ऐकाल तर कापाकापी आता करा, फायबर दिवाळीनंतर चढवा. फक्त थंडीतली सकाळ टाळा, तेव्हा रेझिन बसतच नाही, दुपार बरी.

आणि हे नीट वाचा. दुकानातून तीन डबे मिळतील: रेझिन, ते लवकर बसावं म्हणून निळसर-जांभळं कोबाल्ट आणि पाण्यासारखं हार्डनर. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीच मिसळायचे नाहीत, भडका होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच हार्डनर. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. चष्मा गावच्या जत्रेतला नको.

साधा_मेकॅनिक:

पिचकारी बंद पडली म्हणजे इंपेलर गेला. खालच्या भागात रबराचा छोटा पंखा असतो, पडून पडून त्याची पाती वाकलेल्या आकारातच कडक होतात. स्वस्त आहे, बदला. तुटलेलं पातं असेल तर तुकडा वरच्या नळीत शोधा, तो सापडेपर्यंत इंजिन चालू करू नका. तुमच्या गोसेत जलपर्णी असेल तर खालची जाळी वारंवार पाहावी लागेल.

गिअर ऑइल काढून पाहा. ताकासारखं पांढरं असेल तर सीलमधून पाणी जातंय. तेल मोटारसायकलचं टू-टी नको, टीसी-डब्ल्यू ३ लिहिलेलं घ्या, ते पाण्याने थंड होणाऱ्या बोटीच्या इंजिनांसाठी असतं. प्रमाण तुमच्या इंजिनच्या पुस्तकात असेल ते. पेट्रोलची जुनी रबरी नळी सगळी फेका. आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ते जुनं रबर खातं आणि हवेतलं पाणी ओढतं. टाकीत महिनोन् महिने भरून ठेवू नका.

अर्जदार:

सगळे बोटीवर बोलून राहिले, कागदावर कोणी नाही. १९१७ चा जुना कायदा गेला, आता अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ आहे. इंजिन लागलं की सर्वेक्षण आणि नोंदणी आली. आपल्या राज्यात त्यासाठी महाराष्ट्र सागरी मंडळ. शिवाय धरणाच्या पाण्यावर उतरायचं तर जलसंपदा विभागाची परवानगी वेगळी. ट्रान्सम उघडा असतानाच फोटो काढून ठेवा, आत काय काम केलं ते नंतर दाखवता येणार नाही. आणि मासेमारी संस्थेच्या लोकांशी आधी बोला. त्यांची जाळी पाण्याखाली असतात.

बांधीतला_नावाडी:

सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, रोवणी होती.

कापाकापी झाली. खालचं लाकूड चमच्याने निघालं, विळासुद्धा लागला नाही. सीटखालून भिजलेला फोम सात पोती निघाला. पुन्हा काट्यावर नेली, २१५ किलो! वेल्डर येऊन पाहून गेला आणि म्हणाला, "मी तर म्हणतच होतो, फळी बदला." आयएस ७१० चा प्लाय नागपूरहून आणला आहे, दिवाळीपर्यंत माळ्यावर राहील. इंपेलर बदलला, तुटकं पातं नळीतच अडकलं होतं. आता पिचकारी कोठ्याच्या भिंतीपर्यंत जाते.

ढिवर संस्थेच्या अध्यक्षकाकांना भेटलो. जाळ्यांपेक्षा त्यांना बुडीत गावांच्या झाडांची काळजी. म्हणाले, "पाणी उतरलं का खुंट वरतं येतेत, तुह्या पंख्याचं भजं होईल." खुंट कुठं आहेत ते डोंग्यातून फिरवून दाखवायला तयार आहेत.

आईचा मात्र विरोध आहे. २०२१ मध्ये वरुडकडे झुंजजवळ वर्धा नदीत नाव उलटून एकाच कुटुंबातली माणसं गेली, ते तिच्या मनातून जात नाही. लाइफ जॅकेट सगळ्यात आधी आणली, चार. ती खुंटीवर टांगली आहेत, ती येता-जाता पाहते, बोलत नाही.

एक शेवटचा प्रश्न, दादा. नव्या ट्रान्समला इंजिनाच्या बोल्टची भोकं पाडली की पुन्हा तिथूनच पाणी शिरणार ना? मग वीस वर्षांनी कोणीतरी हाच धागा काढेल.

डोलकाठी:

बोल्ट बारा एमएमचा असेल तर भोक वीसचं पाडा. मागून चिकटपट्टी लावून ते पूर्ण घट्ट इपॉक्सीने भरा, दोन दिवस ठेवा, मग मधोमध बाराचं भोक. म्हणजे बोल्टला लाकूड लागतच नाही. बसवताना मरीन सीलंट लावा, आणि आतून मोठे वायसर, स्टीलचे.

आईंना पहिल्या दिवशी काठावर खुर्ची द्या. इंजिन न लावता, वल्ह्यावर, गुडघाभर पाण्यात.