शब्दचर्चा: ‘सँक्शन’ झालं की लागलं?

सेवाकेंद्रवाला
नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यात माझं सेवा केंद्र आहे. दाखल्यांची गर्दी ओसरली की ॲपमधल्या मजकुराचं मराठी तपासून द्यायचं काम घेतो. यंत्रानं भाषांतर केलेलं असतं, मी ते वळणावर आणायचं. परवा एका गप्पांच्या ॲपच्या अटी-शर्तींत हे वाक्य आलं: ‘आपण अमेरिकेची मंजुरी असलेल्या देशात राहत नाही, याची आपण हमी देता.’

मूळ इंग्रजीत आहे सँक्शन. म्हणजे क्युबा, इराण यांच्यावर अमेरिकेनं लादलेलं ते. यंत्रानं आपल्या तहसीलमधलं सँक्शन धरलं आणि अर्थ उलटा करून ठेवला. पुढच्या परिच्छेदात ‘ग्राहक दळणवळण उपकरणे’ आणि ‘सामान्य परवाना’ असंही आहे. ‘निर्बंध’ लिहावं का ‘बंदी’? आणि बाकीच्या दोघांचं काय करू?

पऱ्हाटी
भाऊ, यंत्राची काय चूक? आमच्याकडे सँक्शन म्हणजे मंजुरीच. घरकुल सँक्शन झालं, विहीर सँक्शन झाली तं लोक पेढे वाटतेत. निर्बंध लागला म्हून कोनी पेढे वाटते काय?

निवृत्त मास्तर
पऱ्हाटी यांनी गमतीत म्हटलं, पण खूण त्यातच आहे. मंजुरीचं सँक्शन ‘होतं’, दंडाचं सँक्शन ‘लागतं’ किंवा ‘लादलं जातं’. इंग्रजीत एकाच शब्दाचे हे दोन अर्थ आहेत, मराठीत क्रियापद त्यांना वेगळं करतं. तरी मजकुरात ‘सँक्शन’ देवनागरीत ठेवू नये. वाचणारा पहिला अर्थ विहिरीचाच घेणार.

‘निर्बंध’ घ्या. संस्कृतात हा शब्द आग्रह, हट्ट या अर्थाचा. सावरकरांनी भाषाशुद्धीत ‘कायदा’ला निर्बंध म्हटलं, ते काही रुळलं नाही. मे १९९८ मध्ये पोखरणच्या चाचण्या झाल्या, अमेरिकेनं आपल्याविरुद्ध पावलं उचलली, आणि वर्तमानपत्रांतून ‘आर्थिक निर्बंध’ घरोघरी आले. २०२१ च्या कोरोनात तर लहान पोरंही ‘निर्बंध शिथिल झाले का?’ म्हणून विचारायची. ‘शिथिल’ हा त्याचा जोडीदार लक्षात ठेवा. बंदी शिथिल होते असं आपण फारसं म्हणत नाही, बंदी उठते.

विदर्भकन्या
सर, पण हिंदीत ‘प्रतिबंध’ म्हणतात. बातम्यांतही हल्ली ‘इराणवर प्रतिबंध’ दिसतं.

निवृत्त मास्तर
दिसतं, ताई, आणि खटकतं. मराठीत प्रतिबंध म्हणजे एखादी गोष्ट घडूच नये म्हणून केलेली तजवीज. रोगप्रतिबंधक लस, लाचलुचपत प्रतिबंधक विभाग. इराणला कुणी लस टोचत नाही.

निर्यात-कारकून
मी नागपुरात निर्यातीचे कागद करतो, मूळ गाव सिंदखेडराजाकडचं. इथे तीन वेगळ्या गोष्टी एका पोत्यात भरल्या जातात, म्हणून जरा लांब लिहितो.

पहिली, निर्यातबंदी. विदर्भाला हा शब्द शिकवायला नको. मार्च २०१२ मध्ये केंद्रानं कापसाची निर्यात थांबवली, तेव्हा पऱ्हाटी यांच्यासारख्यांच्या घरात तो आठवडा कसा गेला असेल ते त्यांनाच विचारा. तिथे माल कोण घेतो याला महत्त्व नसतं. माल बाहेर जाऊ नये, एवढंच.

दुसरी, निर्यात-नियंत्रण. इथे माल काय आहे ते पाहतात. आपल्याकडे विदेश व्यापार महासंचालनालयाची ‘स्कोमेट’ यादी आहे, म्हणजे लष्करी कामालाही वापरता येईल अशा मालाची. त्या यादीतलं काही पाठवायचं तर घेणारा मित्रदेशातला असला तरी परवानगी लागते. अमेरिकेत हे काम वाणिज्य खात्याकडे आहे.

तिसरी, निर्बंध. इथे घेणारा कोण आहे ते पाहतात. अमेरिकेत हे अर्थखात्याच्या ‘ओफॅक’ कार्यालयाकडे. साधा मोबाइल जर्मनीला पाठवा, कुणी विचारत नाही. तोच इराणला पाठवायचा तर नियम बघावा लागतो. अमेरिकी बनावटीचा माल भारतात आला, इथून पुढे गेला, तरी तो नियम मालासोबत जातो. त्याला पुनर्निर्यात म्हणतात.

आणि ‘निर्बंध’ म्हणजे ‘बंदी’ नव्हे. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ असलेली जमीन जशी. ती विकताच येत नाही असं नाही, पण जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घेतल्याशिवाय विकता येत नाही, आणि काही ठरलेल्या कामांना आधीच मोकळीक असते. फोन आणि सॉफ्टवेअरचं अगदी तेच आहे.

निवृत्त मास्तर
या भेदाला आपल्याच भागातला दाखला आहे. अमेरिकेनं भारताला हवा तो मोठा क्रे महासंगणक दिला नाही, मग १९८८ मध्ये सी-डॅक ही सरकारी संगणक-संस्था उभी राहिली आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा देशी महासंगणक तयार झाला. त्या कामाचे प्रमुख विजय भटकर आपल्या मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्याचे. भाषणांत सर्रास ‘निर्बंधांमुळे परम जन्मला’ असं म्हणतात. कारकूनभाऊंच्या हिशेबानं ते दुसऱ्या खणातलं: परवाना नाकारला. निर्बंध १९९८ चे.

निर्यात-कारकून
बरोबर, सर.

सेवाकेंद्रवाला
वर्ग २ मुळे डोक्यात उजेड पडला. मग ती ‘आधीच मोकळीक’ म्हणजेच माझा ‘सामान्य परवाना’ का? यंत्राचं वाचून वाटतं, परवाना साधाच आहे, कुठेतरी अर्ज करून आणायचा.

निर्यात-कारकून
तीच फसगत. तो परवाना कुणाला हातात मिळत नाही. अर्ज नाही. नियमातच लिहून ठेवलेलं असतं की अमुक वस्तू, अमुक अटींवर, कुणीही पाठवू शकतो. ज्याला अर्ज करावा लागतो तो विशिष्ट परवाना. प्रोग्रामर आपला कोड ठेवतात त्या गिटहब साइटचं उदाहरण घ्या. २०१९ मध्ये त्यांनी इराण, सीरिया, क्रिमियातल्या खात्यांवर मर्यादा आणल्या. मग ओफॅककडून परवाना मिळवून जानेवारी २०२१ मध्ये इराणसाठी सेवा पुन्हा खुली केली. तो अर्ज करून मिळवलेला होता.

मोकळिकीचा प्रवास बघा, शब्द ठरवायला उपयोगी पडेल. मार्च २०१० मध्ये इराणसाठी फुकट मिळणाऱ्या संपर्क-सॉफ्टवेअरला मोकळीक मिळाली: चॅट, ईमेल, फोटो पाठवणं, ब्लॉग. ३० मे २०१३ ला ‘डी’ परवाना आला, त्यात पैसे घेऊन दिलेल्या सेवा आल्या आणि हार्डवेअरही: मोबाइल, सिमकार्ड, मोडेम, संगणक. २०१४ मध्ये त्याचीच सुधारित आवृत्ती, ‘डी-१’. मग सप्टेंबर २०२२ मध्ये महसा अमिनी या तरुणीच्या पोलिसांच्या ताब्यातल्या मृत्यूनंतर इराण पेटलं, आणि २३ तारखेला ‘डी-२’ आला. आधी संपर्क ‘वैयक्तिक’ असल्याची अट होती, ती सैल केली, क्लाउडवरच्या सेवाही स्पष्टपणे आत घेतल्या. क्युबाला २००९ मध्ये अशी उपकरणं फक्त देणगी म्हणून देता येत होती, जानेवारी २०१५ पासून विकताही येऊ लागली. कारण सगळीकडे एकच: सरकारवर दाब ठेवायचा, पण माणसांना बोलू द्यायचं. म्हणून त्या त्या सरकारला आणि त्याच्या माणसांना ही मोकळीक सहसा लागू नसते.

विदर्भकन्या
मग ‘सरसकट परवानगी’ म्हणा की! अर्ज नको, नाव नोंदवायला नको.

पऱ्हाटी
ताई, ‘सरसकट’ नोका म्हनू बाप्पा. २०१७ च्या कर्जमाफीत सरसकट म्हनले, मंग ‘तत्त्वतः’ आलं, मंग ‘निकष’ आले. आता सरसकट ऐकलं की आम्ही अट कुठं लपली हाय ते पायतो.

विदर्भकन्या
पण इथेही अटी आहेतच ना, भाऊ! म्हणजे आपल्याकडच्या आजच्या अर्थानं शब्द चपखलच बसतो.

निवृत्त मास्तर
विनोद म्हणून झकास, मजकुरात नको. कोशात सरसकट म्हणजे भेद न करता सर्वांना, आणि इथे भेद आहे. ‘सूट’ही नको. सूट म्हटलं की दसऱ्याची पाटी आठवते. मी ‘मुभा’ सुचवतो. मुभेत दोन गोष्टी आपोआप येतात: मुळात अडकाठी आहे, आणि तेवढ्यापुरती ती लागू नाही. कायदेशीर नाव म्हणून पहिल्यांदा ‘सर्वसाधारण परवाना (वेगळा अर्ज लागत नाही)’ लिहावं आणि पुढे नुसतं ‘मुभा’.

सेवाकेंद्रवाला
मुभा घेतलं. आता ‘ग्राहक दळणवळण उपकरणे’. हे वाचून आमच्या आबांनी विचारलं, एसटीचं काही आहे का.

विदर्भकन्या
आबांचं बरोबर आहे. दळणवळणात रस्ता, गाडी, पूल सगळं येतं. ‘कम्युनिकेशन’ला ‘संज्ञापन’ म्हणतात, ते विद्यापीठाच्या आवारातच राहू द्या. ‘संपर्क’ पुरे. आणि ‘ग्राहक’ सुटा ठेवला तर ग्राहकाचं दळणवळण असा विचित्र अर्थ लागतो. ‘ग्राहकोपयोगी वस्तू’ रुळलेलं आहे, तर ‘ग्राहकोपयोगी संपर्कसाधने’.

निर्यात-कारकून
चालेल. फक्त यादी मोठी आहे. क्युबाच्या यादीत फोन-संगणकाबरोबर टीव्ही, रेडिओ, कॅमेरा, प्रिंटर, कीबोर्ड, बॅटऱ्याही येतात. ‘संपर्कसाधने’ वाचून कुणी टीव्ही बाहेर काढू नये, म्हणून पहिल्या उल्लेखाला ‘व त्यांना लागणारी उपकरणे’ असं काही जोडा. अमेरिकी निर्यात-यादीतले 5A992 वगैरे वर्गक्रमांक जसेच्या तसे ठेवा, त्यांना मराठी करायला जाऊ नका. मागे एकानं अक्षराचंही भाषांतर करून ‘५अ९९२’ केलं होतं, तो कागद परत आला.

सेवाकेंद्रवाला
आणि ‘एम्बार्गो’? यंत्रानं ‘नाकेबंदी’ दिलंय.

निवृत्त मास्तर
नाकेबंदी पोलिसांची, नाहीतर आरमाराची. क्युबाबाबत १९६२ मध्ये दोन्ही घडलं: फेब्रुवारीत व्यापार तोडला, ऑक्टोबरमध्ये जहाजं आडवी घातली. एम्बार्गो म्हणजे त्यातलं पहिलं. ‘व्यापारबंदी’ लिहा.

सेवाकेंद्रवाला
हे बघा कसं वाटतं:

‘अमेरिकेने ज्या देशांवर व्यापारबंदी किंवा निर्बंध लादले आहेत, अशा कोणत्याही देशाचे आपण नागरिक नाही, तसेच अमेरिकी सरकारच्या प्रतिबंधित व्यक्तींच्या यादीत आपले नाव नाही, याची आपण हमी देता. ग्राहकोपयोगी संपर्कसाधने, त्यांना लागणारी उपकरणे व सॉफ्टवेअर यांना सर्वसाधारण परवान्याने (वेगळा अर्ज लागत नाही) दिलेली मुभा अबाधित राहील.’

निर्यात-कारकून
‘नागरिक’ काढा. मूळ अट तुम्ही आत्ता कुठे आहात याची आहे. पुण्यात शिकणारा इराणी विद्यार्थी हे ॲप उघडेल तर तुमच्या वाक्यानं त्याला उगाच खोटं बोलावं लागेल.

निवृत्त मास्तर
आणि ‘प्रतिबंधित व्यक्ती’ परत घुसलंय.

सेवाकेंद्रवाला
‘देशात आपण नाही’ आणि ‘निर्बंधित व्यक्ती’ केलं. फाइल आज रात्री पाठवतो, लाइन राहिली तर.