मदत हवी आहे : मुलीला व्हिडिओ गेम द्यावा का, आणि द्यायचा असल्यास कोणता?

रानजाई :
नमस्कार. माझा भाऊ अमेरिकेहून येत असून त्याने भाचीसाठी निन्टेन्डोचे यंत्र विकत घेतले आहे. शनिवारी विमानात बसण्यापूर्वी त्यावरचे कोणते खेळ घ्यायचे, हे त्याला कळवायचे आहे. यजमानांच्या मते मुले आज ना उद्या खेळणारच, तेव्हा ती आपल्या देखत खेळलेली बरी. सासूबाईंना मात्र एकदा लागलेली ही सवय सुटत नाही अशी धास्ती आहे. मला दोन्ही म्हणणी पटतात आणि त्यामुळेच निर्णय होत नाही. पुस्तके वाचून दाखवा, मैदानावर न्या, असे कृपया कोणी सुचवू नये, कारण ते सारे चालूच आहे. नेमकी नावे सांगावीत.

चकवाचांदण :
मुलीचे वय लिहिलेले नाही. तिला वाचता येते का, आणि कोणत्या भाषेत, हेही कळायला हवे. शिवाय निन्टेन्डो हे कंपनीचे नाव झाले. यंत्र नेमके कोणते आहे?

रेवदंडेकर :
वयाचा एवढा बाऊ कशासाठी? नव्वदच्या दशकात आमच्याकडे टीव्हीला जोडायचा, कॅसेट घालून चालणारा गेम होता. आम्ही सगळी भावंडे सुट्टीभर त्यावर ‘कॉन्ट्रा’ खेळत असू आणि आज सगळी आपापल्या नोकरीधंद्यात व्यवस्थित आहोत. मुलीच्या हाती यंत्र द्यावे; बाकीचे ती स्वतः शिकते.

शिशिरगंध :
आपल्या घरचा दाखला म्हणजे नियम नव्हे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२१ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांखालील बाळांना पडदा दाखवूच नये, दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास आणि पाच ते दहा वर्षांच्या मुलांना दोन तासांपेक्षा कमी वेळ द्यावा. या वेळात टीव्हीवरची कार्टूनेही धरायची असतात, हे घरोघरी सोयीस्करपणे विसरले जाते. मुलगी आधीच रोज तासभर कार्टून पाहत असेल, तर खेळासाठी शिल्लक काय राहते याचा हिशेब आधी करावा.

बोलका_पाषाण :
मुळात सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून ऑनलाइन गेमवर बंदीच घातलेली आहे. त्यामुळे हा प्रश्नच उरत नाही.

चकवाचांदण :
ती बंदी पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आहे. घरी बसून मोटारींची शर्यत लावणाऱ्या मुलीशी तिचा काहीही संबंध नाही. रानजाई, वयाचे उत्तर अजून मिळालेले नाही.

रानजाई :
साडेपाच पूर्ण. मराठी माध्यमाच्या शाळेत मोठ्या शिशुवर्गात आहे. मराठी अक्षरे जुळवून वाचते; इंग्रजी अजून येत नाही. यंत्राचे नाव ‘स्विच’ आहे, असे भाऊ म्हणतो. कार्टून अर्धा तास पाहते. आता तरी नावे सांगावीत.

चकवाचांदण :
इंग्रजी वाचता येत नाही, ही यातली सर्वांत महत्त्वाची माहिती आहे. स्विचवर मराठी भाषेची सोय नाही. ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग’सारखा दिसायला अगदी गोंडस आणि निरुपद्रवी खेळही पात्रांच्या संवादांवर चालतो, त्यामुळे दर मिनिटाला कोणीतरी वाचून दाखवावे लागेल. अमेरिकेतल्या खोक्यावर ‘ई’ (एव्हरीवन, म्हणजे सर्वांसाठी) हे अक्षर असले, तरी त्याचा अर्थ खेळात आक्षेपार्ह काही नाही एवढाच होतो. तो लहान मुलाला जमेल की नाही, हे त्यावरून कळत नाही.

माझ्या मते ‘मारिओ कार्ट ८ डीलक्स’ हा एकच खेळ आणावा. त्यात गाडी रस्त्याबाहेर जाऊ न देणारी आणि वेग आपोआप धरून ठेवणारी, अशा दोन सोयी आहेत. त्या चालू ठेवल्या की पाच वर्षांचे मूलही मोठ्यांच्या बरोबरीने शर्यत पुरी करते. टीव्हीवर पडद्याचे दोन भाग करून आई आणि मुलगी एकाच वेळी खेळू शकतात, आणि पहिले काही महिने तिने एकटीने खेळूच नये, असे मी म्हणेन. ‘सुपर मारिओ ओडिसी’मध्येही नवख्यांसाठी वाट दाखवणारी सोय आहे, पण तो थोडी मोठी झाल्यावर घ्यावा.

भावाला खेळ कार्ट्रिजच्या (यंत्रात घालायच्या छोट्या कार्डाच्या) रूपातच घ्यायला सांगावे, म्हणजे अमेरिकेत घेतलेला खेळ इथेही चालतो आणि पुढे कोणाला देताही येतो. मुलांनी ती इवलीशी कार्ट्रिज गिळू नये म्हणून तिच्यावर मुद्दाम कडू लेप दिलेला असतो. (मी चाटून पाहिली आहे. आपण पाहू नये.)

मितव्ययी :
एवढा खर्च कशासाठी? फोनवर शेकडो खेळ फुकट मिळतात.

शिशिरगंध :
फुकट खेळाची किंमत जाहिरातींतून किंवा खेळताखेळता मागितल्या जाणाऱ्या नाण्या-हिऱ्यांतून वसूल होत असते, आणि असे खेळ कधी संपूच नयेत अशा बेताने रचलेले असतात. माझा व्हिडिओ गेमला विरोध आहे असे नाही. पण द्यायचाच असेल, तर एकदाच पैसे मोजून घेतलेला खेळ या वयाला कधीही बरा. फुकटचेच काही हवे असेल, तर टॅब्लेटवर चालणारे ‘स्क्रॅच ज्युनियर’ हे अ‍ॅप पाहावे. ते पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी असून त्यात चित्रांचे ठोकळे जोडून मूल स्वतःच गोष्ट किंवा खेळ तयार करते. त्याला पैसे लागत नाहीत आणि वाचनही लागत नाही.

रेवदंडेकर :
म्हणजे खेळातही शाळाच! वेळेची मर्यादा हवी असेल, तर निन्टेन्डोचे पालकांसाठीचे अ‍ॅप फोनवर घ्यावे, त्यात रोजची मिनिटे ठरवावीत आणि मोकळे व्हावे.

चकवाचांदण :
इथे माझा मतभेद आहे. ते अ‍ॅप जरूर घ्यावे, परंतु वेळ संपली की ते एरवी केवळ सूचना देते. खेळ खरोखर थांबवायचा असेल, तर तशी वेगळी निवड करून ठेवावी लागते. आणि ती केल्यावर शेवटच्या फेरीत पहिल्या क्रमांकावर असताना पडदा थांबला, तर मुलीचा जो आकांत होईल, तो अ‍ॅपला नव्हे, आईला निस्तरावा लागेल. साडेपाच वर्षांच्या मुलाला वीस मिनिटे म्हणजे किती हे कळत नाही, पण ‘एक कप झाला की बंद’ हे नेमके कळते. या खेळात एक कप म्हणजे चार शर्यती, आणि त्या संपल्या की बक्षीस समारंभ होऊन खेळ आपसूकच थांबण्याजोग्या जागी येतो.

रानजाई :
कपाची कल्पना आवडली, सासूबाईंनाही सांगितली. भावाने यंत्राचा फोटो पाठवला आहे. पिवळ्या रंगाचे आहे आणि दोन्ही बाजूंची बटणे यंत्रालाच पक्की बसवलेली आहेत. टीव्हीला जोडायची तार कुठे लागते?

चकवाचांदण :
ते स्विच लाइट आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये आलेले हे यंत्र टीव्हीला जोडता येत नाही आणि त्याचा पडदा साडेपाच इंचांचा आहे. दोघींनी शेजारी बसून खेळण्याचा जो मुद्दा मी इतका वेळ मांडत आहे, तो त्यावर जवळजवळ निकालात निघतो. पावती असेल, तर आजच बदलून साधे स्विच घ्यायला सांगावे.

रेवदंडेकर :
लाइट हलके असते, जेमतेम पावणेतीनशे ग्रॅम. लहान हातांना तेच सोयीचे.

शिशिरगंध :
हलके आहे म्हणूनच मूल ते घेऊन पलंगाखाली जाऊन बसते. बैठकीतल्या टीव्हीवर काय चालले आहे, हे घरातल्या प्रत्येकाला दिसते. आजींची धास्ती कमी व्हायलाही त्याचा उपयोग होईल.

रानजाई :
भाऊ कुरकुरला, पण उद्या बदलून घेतो म्हणाला. दोघींसाठी आणखी एक कंट्रोलर आणायला सांगू का? आणि तिकडचा चार्जर इथल्या विजेवर चालेल का?

चकवाचांदण :
वेगळा कंट्रोलर लागणार नाही. साध्या स्विचच्या दोन्ही बाजूंचे जॉय-कॉन, म्हणजे बटणांचे छोटे कंट्रोलर, सुटे होतात आणि आडवे धरले की प्रत्येकीला एक पुरतो. चार्जर १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतो, मात्र त्याच्या चपट्या पिना आपल्या सॉकेटमध्ये बसणार नाहीत, तेव्हा जवळच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून एक अडॅप्टर आणून ठेवावा.