अनुभव धागा: कोणती बिअर, किती थंड, कशाबरोबर? (इंदूर)

लोकमान्यनगर (धागाकर्ती)

इंदूरमध्ये आता जागेवर बनवलेली ताजी बिअर मिळते, पण टेबलावर बसल्यावर बहुतेकांची चौकशी "सगळ्यात हलकी कोणती?" इथेच थांबते. हा धागा त्यापुढच्या माहितीसाठी आहे. नुसती आवड सांगू नका. ती बिअर किती थंड हवी, कोणत्या ग्लासात, कोणत्या खाण्याबरोबर, आणि बिघडते तेव्हा नेमकं काय बिघडलेलं असतं, ते लिहा. घरी बनवण्याच्या कृती नकोत, त्याला परवाना लागतो. आपल्या राज्यात पिण्याचं कायदेशीर वय २१ आहे, हेही आधीच सांगून ठेवते.

सुरुवात हेफेवायझन या गव्हाच्या बिअरपासून. माझी पहिली पसंती हीच. जर्मन पद्धतीत यात निम्म्याहून अधिक माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) गव्हाचं असतं. केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, पण त्यात केळं नसतं आणि लवंगही नसते. दोन्ही वास यीस्ट तयार करतं. आंबवण १७ अंशांच्या आसपास ठेवली तर लवंग पुढे येते, २२च्या वर गेली तर केळं. त्याहून गरम झाली तर नेलपॉलिशसारखा वास येतो, आणि तो निघत नाही. लवंग हवी असलेले ब्रुअर मॅश करताना, म्हणजे भरडलेलं माल्ट गरम पाण्यात भिजवताना, ४४ अंशांवर थोडा वेळ थांबतात, कारण लवंगेच्या वासाचा कच्चा माल तिथे सुटतो.

ही बिअर ७ ते ९ अंशांना प्यावी. उंच, वर रुंद होणारा अर्ध्या लिटरचा ग्लास मागा; फेस जाड असतो, त्याला जागा लागते. लिंबाची फोड नको म्हणून आधीच सांगा. तिने फेस बसतो आणि लवंग झाकली जाते. केळ्याचा वास ताजेपणीच असतो, म्हणून "केग (बिअरचं पिंप) कधी लावला?" हे विचारायला संकोच करू नये. खायला खोपरा पॅटिस किंवा भुट्ट्याचा कीस. जिरावण (वरून भुरभुरायचा इंदुरी मसाला) मात्र बेतानेच, त्यातल्या मसाल्यांपुढे लवंग टिकत नाही.

रामबागकर

ताई, यात एक भर. मेनूवर हेफे आणि बेल्जियन विट दोन्ही "व्हीट बिअर" म्हणूनच येतात, आणि लोक एक मागवून दुसरीची अपेक्षा करतात. विटमध्ये माल्ट न केलेला गहू असतो, शिवाय धने आणि संत्र्याची साल. केळ्याचा वास जवळजवळ नसतो. ही शैली बेल्जियममध्ये बंद पडली होती. हूगार्डन गावात पिएर सेलिस यांनी १९६६ साली ती पुन्हा सुरू केली.

मला विट आवडते ती धन्यांमुळे, आणि ती फसतेही बहुधा धन्यांमुळेच. २० लिटरला २० ते ३० ग्रॅम, नुकतेच जाडसर भरडलेले, उकळीच्या शेवटच्या ५ ते १० मिनिटांत. पीठ करून घातले तर साबणासारखी चव येते. धने जुने असतील तर सेलरीच्या देठासारखा, काहीसा मांसासारखा वास येतो. आपले लांबट भारतीय धने गोल युरोपीय धन्यांपेक्षा लिंबाच्या बाजूला झुकतात, त्यामुळे इथे चांगली विट बनायला कसलीच अडचण नसावी. वास साबणासारखा आला तर प्रमाण किंवा भरड चुकली, एवढं समजून पुढच्या खेपेला दुसरी मागवा.

गव्हाच्या बिअरला किंमत का जास्त, असं कोणी विचारलं तर: गव्हाला फोल नसतं. निम्मा गहू घातला की मॅश चिकट होतो आणि गाळणी तुंबते. मग भाताचं तूस ३ ते ५ टक्के मिसळावं लागतं, वेळही जास्त जातो.

सुदामानगर

आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल: हॉप्स (बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं) भरपूर घातलेली बिअर. इथल्या चखण्याशी तिचं जमत नाही, हे माझं ठाम मत आहे. अमेरिकन आयपीएचा कडवटपणा ४० ते ७० आयबीयू (कडूपणाचं माप), अल्कोहोल साडेपाच ते साडेसात टक्के. अल्कोहोल आणि बुडबुडे, दोन्ही तिखटाची जळजळ वाढवतात. वर हॉप्सचा कडूपणा. लवंगी सेव आणि ६५ आयबीयू एकत्र आले की तिसऱ्या घोटाला ना सेव कळते, ना हॉप्स. त्याऐवजी भाजलेले शेंगदाणे (बिनमसाल्याचे), पनीर टिक्का किंवा साधं चीज घ्या. तळलेला गराडू (एक कंद) चालतो, त्यावरचा मसाला वेगळा मागवा.

तापमान ८ ते १०. बर्फासारखी थंड आयपीए फक्त कडू लागते, आंबा-संत्र्याचा वास उघडतच नाही. आणि ताजेपणा इथे सगळ्यात महत्त्वाचा. हॉप्सचा वास पहिल्या काही आठवड्यांतच उतरतो. हेझी (गढूळ दिसणारी) आयपीए पिवळीधमक असायला हवी. राखाडी किंवा तपकिरी झाली असेल तर हवा लागली आहे. अशी बिअर परत करावी.

टिळकनगर

सुदामानगर, जळजळीचं पटलं, पण सरसकट नको. ३० आयबीयूची साधी पेल एल लसूण सेवेबरोबर छान जाते, तेल धुऊन काढते. जास्त तिखटाला अँबर एल किंवा डुंकेल (दोन्ही माल्ट पुढे असलेल्या, गडद रंगाच्या बिअर) घ्या. माल्टचा गोडसरपणा जळजळ खाली आणतो. दाल-बाफल्याला, तुपामुळे, बुडबुडे जास्त असलेलं काहीही चालतं.

राजेंद्रनगर

पाण्याबद्दल कोणी लिहिलं नाही, आणि बिअरचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग पाणीच असतो, म्हणून सविस्तर लिहितो.

१८४२ साली प्लझेन्यमध्ये योसेफ ग्रोलने पहिली सोनेरी पिल्सनर (फिकी लेगर) बनवली, ती तिथल्या अतिशय मऊ पाण्यामुळे तशी जमली. इंग्लंडमधल्या बर्टनच्या पाण्यात कॅल्शियम सल्फेट भरपूर, म्हणून तिथल्या पेल एलचा कडूपणा कोरडा आणि स्वच्छ. डब्लिनच्या पाण्यात बायकार्बोनेट जास्त; ते मॅशचा पीएच वर नेतं, आणि भाजलेल्या काळ्या माल्टचा आंबटपणा तो परत खाली आणतो. म्हणून तिथे स्टाउट (काळी बिअर) रुजली.

इंदूरला १९७८ पासून जलूदहून नर्मदेचं पाणी येतं. बोअरचं त्याहून जड. माळव्याच्या काळ्या खडकातून येणाऱ्या पाण्याने किटलीत पांढरा थर बसतो तो बायकार्बोनेटमुळेच. असं पाणी जसंच्या तसं वापरून फिकी लेगर (थंडाव्यात आंबवून मुरवलेली बिअर) काढली तर मॅशचा पीएच ५.२ ते ५.५ या पट्ट्याच्या वर जातो, माल्टच्या टरफलातलं टॅनिन सुटतं, आणि चहा जास्त उकळल्यावर जिभेला येतो तसा तुरटपणा येतो. म्हणून बरेच ब्रुअर आरओचं पाणी घेऊन त्यात जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) आणि कॅल्शियम क्लोराइड मोजून घालतात, कॅल्शियम लिटरला ५० ते १०० मिलिग्रॅम येईल इतकं. हॉप्स पुढे आणायचे तर जिप्सम जास्त, माल्टचा भरीवपणा हवा तर क्लोराइड जास्त.

दुसरा धोका क्लोरिनचा. नळाच्या पाण्यातलं क्लोरिन कार्बन फिल्टरने नीट काढलं नाही, तर बिअरला दवाखान्यातल्या पट्टीसारखा वास येतो. हा वास इतक्या कमी मात्रेत कळतो की पाणी मिसळून किंवा आणखी मुरवून तो जात नाही. पूर्ण टाकी ओतून द्यावी लागते. तुमच्या ग्लासात तो आला तर ब्रुअरला जरूर सांगा.

छावनी

बिअर बनवतानाचे दोष आणि टॅपचे दोष वेगळे ओळखा, भिया. लोण्याचा वास: लेगरमध्ये आंबवण संपताना १४ ते १६ अंशांवर दोन-तीन दिवस ठेवलं नाही, तर तो उरतो. पण लोण्याबरोबर आंबटपणाही असेल तर बहुधा टॅपची नळी घाण आहे. ती दर दोन आठवड्यांनी धुवावी लागते. कच्च्या हिरव्या सफरचंदाचा वास म्हणजे बिअर घाईने काढली. उकडलेल्या मक्याचा वास म्हणजे उकळ कमी पडली किंवा झाकण ठेवून उकळलं. पिल्सनर माल्टला ९० मिनिटं उकळतात ती याचसाठी.

ग्लास ओला करून पाहा. पाणी सलग पसरलं तर स्वच्छ. बिअर ओतल्यावर कडेला बुडबुडे चिकटून राहिले तर तेलकटपणा आहे, दुसरा मागा. गोठवलेला ग्लास नकोच: फेस नको तितका उसळतो, आणि वितळणारा बर्फ बिअर पातळ करतो.

नारायणबाग

मी स्टाउटवाली. रंग पाहून "फार कडक असेल" म्हणून लोक ती टाळतात, पण ड्राय स्टाउट ४ ते ५ टक्क्यांचीच असते. दुकानातली फिकी "स्ट्राँग" ८ टक्क्यांपर्यंत जाते. काळा रंग भाजलेल्या जवामुळे येतो. तापमान १० ते १२, म्हणजे आल्यावर पाचेक मिनिटं तशीच ठेवावी. नायट्रोवर (नायट्रोजन मिसळलेल्या गॅसवर) असेल तर तीन चतुर्थांश भरून थांबायचं, फेस वर चढला की उरलेली. त्या गॅसमध्ये सुमारे ७० ते ७५ टक्के नायट्रोजन असतो, म्हणून फेस सायीसारखा आणि बुडबुड्यांची चुणचुण कमी. मावाबाटीबरोबर घ्या. भाजका कडूपणा पाकाची गोडी कापतो.

लोकमान्यनगर (धागाकर्ती)

टेस्टर, म्हणजे चाखण्याचे छोटे ग्लास, किती आणि कोणत्या क्रमाने घ्यावेत, असं दोघांनी वेगळं विचारलं आहे. ९० ते १२० मिलीचे चार ग्लास पुरेत. क्रम: लेगर किंवा विट, मग हेफे, मग आयपीए, शेवटी स्टाउट, कडवट आधी घेतली तर नंतरची फिकी बिअर पाण्यासारखी लागते. मध्ये साधं पाणी आणि पावाचा तुकडा, सेव नाही.

आणि हिशेब असा: मिली गुणिले टक्के, भागिले १००, गुणिले ०.७९, म्हणजे अल्कोहोलचे ग्रॅम. ५ टक्क्यांच्या ३३० मिलीत १३ ग्रॅम, ८ टक्क्यांच्या अर्ध्या लिटरमध्ये जवळजवळ ३२. गाडी चालवण्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, आणि एवढ्या हिशेबातून स्वतःच्या रक्तातलं प्रमाण काढता येत नाही. जाताना गाडी घरीच ठेवा, येताना टॅक्सी करा.

लेगरवाल्यांनी अजून कोणी लिहिलेलं नाही. चांगली लेगर टाकीत चार ते सहा आठवडे मुरते, त्यामुळे लहान ब्रुअरीत ती कमी मिळते. कोणाला इंदूरमध्ये नीट मुरलेली सापडली असेल, तर तापमान आणि ग्लाससह लिहा.