मदत हवी आहे: शेवटचा रूळ जोडल्यापासून कंट्रोलर ट्रिप होतोय

रुकडीपूल
नमस्कार मंडळी. घरच्या गणपतीच्या देखाव्यासाठी छोटी रेल्वे करतोय, मिरज ते कोल्हापूर. काल रात्रीपर्यंत गाडी झकास पळत होती. शेवटचा तुकडा जोडला आणि सगळं ठप्प. रुळांना वीज देणारा कंट्रोलर सुरू केला की लगेच लाल दिवा लागतो आणि बंद पडतो. रूळ पुसून झाले, दुसरं इंजिन लावून पाहिलं, काही फरक नाही. कंट्रोलर गेला का? नवीन मागवायला आता वेळ नाही, गणपती तोंडावर आलेत. लवकर सांगा.

मीटरगेज
स्केल कोणतं, म्हणजे खऱ्या गाडीच्या कितव्या भागाची? साधं डीसी की डीसीसी, म्हणजे डिजिटल कंट्रोल? पॉइंट (गाडीची लाइन बदलणारे सांधे) कोणत्या प्रकारचे? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

उद्यमनगरी
कार्बन असणार रुळांवर, दुसरं काही नाही. कोल्हापूरचा पाऊस आणि ही दमट हवा, चार दिवस गाडी फिरवली नाही की रूळ काळे पडतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, सुती फडक्याला लावा आणि रूळ पुसा. इंजिनाची चाकंही पुसा, ती कोण बघतच नाही.

वायरमन_सांगली
@उद्यमनगरी, काळ्या रुळावर गाडी अडखळते, कंट्रोलर ट्रिप होत नाही. घाण म्हणजे वीज पोहोचत नाही. लाल दिवा म्हणजे वीज नको तिथून जातेय. दोन्हींची लक्षणं उलटी आहेत.
@रुकडीपूल, एकच सांगा. सगळ्या गाड्या रुळावरून उचलून ठेवल्या तरी लाल दिवा लागतो का?

उद्यमनगरी
माझ्याकडं पुसल्यावर चालू झालेली आहे गाडी. अनुभव सांगतोय. आणि हो, पॉलिश पेपर अजिबात मारू नका. रुळांच्या निकेल सिल्व्हर धातूला बारीक चरे पडतात आणि त्यात घाण आणखी धरते.

रुकडीपूल
एचओ (१:८७) आहे, साधं डीसी, १२ व्होल्ट. पॉइंट साधे प्लास्टिक फ्रॉगचे, म्हणजे रूळ एकमेकांना छेदतात तिथं प्लास्टिक. हो, गाडी नसली तरी लाल दिवा लागतो.

वायरमन_सांगली
मग इंजिनाचा काही संबंध नाही. शेवटचा जोडलेला तुकडा काढा आणि परत चालू करून बघा.

साताराघाट
मी तुमच्या जागी असतो तर एचओ घेतलंच नसतं. देखाव्याच्या जागेत एन स्केलच हवं, १:१६०, रूळ ९ मिलिमीटर. एचओला जेवढी जागा लागते त्यात एनमध्ये अख्खं यार्ड बसतं, डोंगर होतो, बोगदा होतो. मी एचओ विकून एन घेतलं.

मीटरगेज
एनमध्ये भारतीय इंजिन मिळवून दाखवा आधी.
मूळ मुद्दा राहिलाच. मिरज–कोल्हापूर मार्ग १८९१ साली सुरू झाला तेव्हा मीटर गेज होता (दोन रुळांत एक मीटर), ब्रॉडगेज झाला तो १९७१ पर्यंत. शाहू महाराजांच्या काळातली गाडी दाखवायची असेल तर एचओमध्ये १२ मिलिमीटरचा रूळ हवा. आणि आजचा ब्रॉडगेज दाखवायचा तर १६७६ मिलिमीटर भागिले ८७, म्हणजे १९ मिलिमीटरच्या वर. तुमचे रूळ १६.५ चे, ते युरोपातल्या स्टँडर्ड गेजचं माप.

साताराघाट
पूजेला आलेला माणूस रुळाची रुंदी मोजणार आहे का? गाडी आवडली पाहिजे त्याला.

मीटरगेज
मोजणार नाही, पण डबे रुळाबाहेर का लोंबतात ते त्यालाही दिसतं. @रुकडीपूल, वळणाची त्रिज्या किती ठेवलीय?

रुकडीपूल
तो तुकडा काढला की दिवा लागत नाही. गाडीही चालते. जोडला की परत लाल. म्हणजे तुकडाच खराब आहे ना? त्रिज्या ३७१ मिलिमीटर.

वायरमन_सांगली
तुकडा ठीक असणार. तो कशाला कशाशी जोडतो? कागदावर आकृती काढून फोटो टाका.

गौरीचा_सण
मंडळी, मध्ये बोलते, पण देखावा म्हटल्यावर राहवलं नाही. डोंगराला थर्माकोल वापरू नका. वर्तमानपत्राचे बोळे, त्यावर मैद्याच्या खळीत बुडवलेला कागद, वाळल्यावर शाडूचा पातळ हात. ऊस दाखवायला झाडूच्या काड्या कापून हिरव्या रंगवायच्या, टोकाला थोडा भुस्सा. आमच्याकडे असं उसाचं शेत केलं होतं, सगळ्यांनी विचारलं. आणि समई रुळापासून लांब ठेवा, वायरी असतात खाली.

रुकडीपूल
ऊस छान आहे, करतो. @वायरमन_सांगली, फोटो आत्ता जमत नाही, लिहून सांगतो. मिरजेकडून सिंगल लाइन येते, मध्ये हातकणंगले, मग रुकडी, पंचगंगेचा पूल, मग कोल्हापूर. कोल्हापूर गाठलं की गाडीचं तोंड फिरून ती परत मिरजेकडे निघायला हवी, म्हणून तिथं एक पॉइंट घेऊन पुढं मोठा गोल केलाय. गोलाची दोन्ही टोकं त्याच पॉइंटला येतात. शेवटचा तुकडा तो गोल पुरा करतो.

वायरमन_सांगली
हेच हवं होतं. तुमचा कंट्रोलर धडधाकट आहे आणि त्याचं काम चोख करतोय. हा रिव्हर्स लूप आहे.

डाव्या रुळावर बोट ठेवा आणि गोलावरून फिरवत आणा. परत पॉइंटला पोहोचाल तेव्हा बोट उजव्या रुळावर असेल. म्हणजे प्लस आणि मायनस तुम्ही रुळानंच एकमेकांना जोडलेत. दोन रुळांच्या डीसीत गोल जोडला की हे होणारच, मग गाडी असो नसो.

उपाय: गोलाच्या दोन्ही टोकांना, पॉइंटला लागूनच, दोन्ही रुळांत तुकडे जोडणारे धातूचे जॉइनर काढून प्लास्टिकचे घाला. एकूण चार. आता गोल पूर्ण वेगळा झाला. कंट्रोलरच्या दोन वायरी सरळ गोलाला द्या. त्याच दोन वायरी सहा पायांच्या टॉगलमधून (खटक्यातून), म्हणजे डीपीडीटीमधून, मेन लाइनला द्या. टॉगलच्या एका टोकाच्या दोन पायांना कंट्रोलर, तिथून दुसऱ्या टोकाच्या दोन पायांना तिरप्या जोडण्या, मधल्या दोन पायांतून मेन लाइन. गाडी गोलात असताना टॉगल पलीकडे टाका आणि पॉइंट बदला. गाडी थांबणार नाही, कारण पोलॅरिटी, म्हणजे प्लस-मायनसची बाजू, फक्त मेन लाइनची बदलते. ती बाहेर येईपर्यंत लाइन तिच्या बाजूनं झालेली असते. गोलात मात्र कायम एकाच बाजूनं शिरायचं.

उद्यमनगरी
टॉगल कशाला? ब्रिज रेक्टिफायर टाका की, वीज एकाच दिशेनं जाऊ देणाऱ्या चार डायोडचा. गोलाला रेक्टिफायरमधून वीज दिली की आत पोलॅरिटी बदलतच नाही. गाडी आत गेली की कंट्रोलरचाच फॉरवर्ड-रिव्हर्सचा खटका फिरवायचा. दहा-वीस रुपयांचं काम. पाहिजे तर मी करून देतो, उद्यमनगरात दुकान आहे आपलं.

वायरमन_सांगली
चालतं, पण वीज दोन डायोडमधून जाते, सुमारे १.४ व्होल्ट तिथंच जातात आणि गोलात शिरली की गाडी मंदावते. टॉगलमध्ये ते नाही.

उद्यमनगरी
स्टेशनात शिरताना गाडी हळू होते ते बरंच दिसतं. खरी पण होतेच की.

कात्रजकर
डीसीसी करून टाका. पोलॅरिटी आपोआप फिरवणारा ऑटो रिव्हर्सर लावला की टॉगल नको, रेक्टिफायर नको. आणि पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ पासून. एकदा बघून या, सगळे प्रश्न सुटतात.

रुकडीपूल
गणपतीआधी पुण्याला कुठं जाऊ? रूळ खिळ्यांनी ठोकून झालेत, खडीही चिकटवली आहे. जॉइनर आता निघणार नाहीत. काही तरी आहे तसं सोडून करता येईल असं सांगा.

मीटरगेज
जॉइनर काढू नका, रूळ कापा. गुजरीत सोनारकामाची हत्यारं मिळतात, तिथून बारीक पात्याची सोनारी करवत आणा. पॉइंटपासून दोन बोटं सोडून सरळ तुकड्यावर कापा, वळणावर नको. कापताना दोन्ही बाजूंना रूळ बोटांनी दाबून धरा, नाहीतर टाय (रुळाखालच्या आडव्या पट्ट्या) उचकटतात. फटीत प्लास्टिकची चकती सरकवा, अ‍ॅरल्डाइट लावा आणि वाळल्यावर रुळाच्या आकारात घासा. नुसती फट ठेवलीत तर उन्हात रूळ वाढून ती मिटते आणि तुम्ही पुन्हा इथं विचारायला याल.

एक सांगायचं राहिलं. खऱ्या कोल्हापूरला लूप नाही, ते टर्मिनस आहे. गाडी आली की इंजिन सुटतं, शेजारच्या लाइननं मागं जातं आणि दुसऱ्या टोकाला जोडतं. दोन पॉइंटमध्ये हे होतं, पोलॅरिटीची भानगडच नाही. मला विचाराल तर सगळ्यात सुंदर तेच दिसतं, इंजिन एकटं मागं जाताना.

साताराघाट
आणि प्रत्येक फेरीला कोण कपलिंग सोडवत बसणार? आरतीला पन्नास माणसं, पोरं म्हणणार गाडी फिरवा, फिरवा. लूपच बरोबर आहे त्यांना.

मीटरगेज
हे मात्र खरं. देखाव्याला लूप ठेवा, नंतर रनराउंड करा, म्हणजे इंजिन मागं नेणारी ती शेजारची लाइन.

जुना_वळिवडेकर
रुकडी आणि कोल्हापूरच्या मध्ये वळिवडे स्टेशन विसरू नका. दुसऱ्या महायुद्धात तिथं पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, १९४३ ते १९४८, सुमारे पाच हजार माणसं. आमच्या घरात त्या लोकांच्या आठवणी अजून निघतात. एक पाटी तरी लावा.

रुकडीपूल
वळिवड्याची पाटी नक्की. @वायरमन_सांगली, इंजिन आणि चार डबे एवढी गाडी आहे. गोल पुरेल ना?

वायरमन_सांगली
३७१ त्रिज्येचा पूर्ण गोल म्हणजे सव्वादोन मीटरच्या आसपास. खरा आयसीएफ (चेन्नईच्या कारखान्याचा) डबा २१.३ मीटरचा, एचओमध्ये साडेचोवीस सेंटिमीटर. चार डबे मीटरभर, इंजिन वीस. सव्वा मीटरच्या आत गाडी बसते, आरामात. अख्खी गाडी दोन्ही फटींच्या आत मावली पाहिजे. डब्यांना धातूची चाकं असतील आणि पुढचं चाक एका फटीवर, मागचं दुसऱ्या फटीवर आलं, तर परत शॉर्ट.
डबे लोंबतील थोडे, @मीटरगेज म्हणतात ते खरं. गोलाच्या कडेला खांब किंवा झाडं अगदी जवळ लावू नका.

रुकडीपूल
करवत आणली, चारही ठिकाणी कापलं, टॉगल जोडला. लाल दिवा गेला, गोलातून गाडी फिरली! पण बाहेर पडताना कधी कधी क्षणभर लाल लागतो आणि हिसका बसतो. कशानं?

वायरमन_सांगली
टॉगल उशिरा पडतोय. इंजिन बाहेरच्या फटीवर पोहोचलं आणि मेन लाइन अजून जुन्याच बाजूला असली की चाकं दोन्हींना जोडतात आणि शॉर्ट होतो. शेवटचा डबा आत शिरून पहिली फट ओलांडली की लगेच टाका, इंजिनाची वाट बघू नका. सव्वा मीटरची गाडी आणि सव्वादोन मीटरचा गोल, म्हणजे हाताशी मीटरभर अंतर आहे. आत शिरल्यावर वेग कमी ठेवा आणि टॉगल तिथंच बसवा, जिथून शेवटचा डबा दिसतो.

उद्यमनगरी
आता रूळ एकदा अल्कोहोलनं पुसा. कापताना धातूचा कीस पडलेला असतो, तो पॉइंटमध्ये अडकला तर आरतीच्या वेळी त्रास देईल.