खरवडलेल्या डांबरात वनस्पती तेल घातलं तर टिकतं का?

खडीवाला: मिलिंगचा, म्हणजे जुन्या रस्त्यावरून खरवडलेला, बराच माल साठलाय. नव्या मिक्समध्ये ४० टक्के तरी वापरायचाय, पण जुनं डांबर दगड झालंय, पेनिट्रेशन (डांबरात सुई किती रुतते त्याचं माप, कमी म्हणजे कडक) १८. तळणीचं वापरलेलं तेल मिसळ, मऊ होईल, असं एकाने सांगितलं. खरंच चालतं?

लॅबमधला: मऊ तर होईलच, कुठलंही तेल घाला. जुन्या डांबरातले तेलकट घटक ऑक्सिडेशनमुळे कमी होतात आणि अस्फाल्टीन, म्हणजे डांबरातले जड, कडक घटक, वाढून एकमेकांना धरून बसतात. तेल ती पकड सैल करतं. पण मिसळल्या मिसळल्या पेनिट्रेशन काढून खूश होणारे मला रोज भेटतात! मिश्रण आधी आरटीएफओत (डांबर पातळ थरात फिरवत तापवणारी भट्टी, प्लांटमध्ये डांबर किती जुनं होईल ते दाखवते) १६३ अंशांवर ८५ मिनिटं फिरवा, मग पॅव्हमध्ये (रस्त्यावर वर्षानुवर्षं राहून डांबर कसं होईल ते दाखवणारं यंत्र) २० तास दाबाखाली ठेवा आणि मग आकडे बघा. तेलाचं खरं रूप तिथे कळतं. जवसाच्या वाटेला जाऊच नका, ते हवेत वाळून घट्ट होतं. रंगात घालतात ते त्यासाठीच. सोयाबीन तेलापासून किंवा कागदाच्या लगद्यातून निघणाऱ्या टॉल ऑइलपासून बनवलेले तयार रिज्युव्हिनेटर, म्हणजे जुनं डांबर पुन्हा मऊ करणारे पदार्थ, मिळतात, मी तेच घेईन.

तळणीच्या तेलात पाणी असतं, अन्नाचे कण असतात, आम्लता वाढलेली असते. वापरायचंच तर गाळा, पाणी उडवा, अ‍ॅसिड व्हॅल्यू काढा. आणि ओल्या-कोरड्या नमुन्यांची ताकद ताडून बघितल्याशिवाय रस्त्यावर नेऊ नका, पाण्यात खडीवरून डांबर सुटू शकतं.

खडीवाला: डोस किती? एका टनाला ६ टक्के म्हणजे ६० किलो?

लॅबमधला: अहो नाही! टक्के जुन्या डांबरावर धरायचे, मालावर नाही. मालात ५ टक्के डांबर असेल तर टनाला ५० किलो. त्याचे ६ टक्के म्हणजे ३ किलो. ६० किलो ओतलंत तर रोलर उतरायच्या आत चाकोऱ्या पडतील.

प्लांट ऑपरेटर: तेल डांबराच्या टाकीत नको, पट्ट्यावर जुन्या मालावरच फवारा. टाकीत घातलं की आधी नवं डांबर पातळ होतं, जुन्यात मुरायला वेळ लागतो. आणि जुना माल बर्नरच्या ज्योतीसमोर आणू नका, नुसता धूर होतो. नवी खडी जादा तापवायची, तिच्या उष्णतेवर जुना माल गरम होऊ द्यायचा.

खडीवाला: मग ४, ६ आणि ८ टक्क्यांचे नमुने करून घेतो.

लॅबमधला: बिनतेलाचाही एक करा. तुलना कशाशी करणार नाहीतर?