बेडकाचा गर्भ ‘आत वळतो’ की त्याला ‘खळगा पडतो’?

रावपुरा_वाचक
बडोद्यातल्या मराठी मुलांसाठी बेडकाच्या वाढीचे तक्ते मराठीत आणतेय. गॅस्ट्रुलेशनपाशी, म्हणजे गर्भाचा बाहेरचा थर आत जातो त्या पायरीपाशी, अडले. अंडं विभागत विभागत हजारो पेशींचा पोकळ गोळा होतो, इथवर ठीक. पुढे एका जुन्या वहीत ‘गोळ्याला खळगा पडतो’ असं आहे, शेजारी चेपलेल्या रबरी चेंडूचं चित्र. ते मला पटत नाही. भिंगाखाली बघा: काळसर अर्धा संपतो त्याच्या जरा खाली एक बारीक, चंद्रकोरीसारखी चीर उमटते. बाटलीच्या आकाराच्या थोड्या पेशी तिथे आत ओढल्या जातात, खळगा काय तो एवढाच. खरं काम त्यानंतरचं. कडेचा थर त्या चिरेच्या ओठावरून वळून आत जातो आणि आतल्या अंगाने वर चढत राहतो. चीर दोन्ही टोकांनी वाढत पुरं वर्तुळ होते, मधे फिकट बलकाचं बूच तेवढं दिसतं. बाहेरून कुणी दाबत नसतं, पेशी आपण होऊन हलतात. हे सांगणारं क्रियापद सुचवा.

मांडवीकर
अंतर्वलन. तयार शब्द आहे, नेमका आहे. सयाजीरावांनी १९३१ साली ‘श्रीसयाजी शासन शब्दकल्पतरू’ काढून कारभाराच्या एकेका शब्दाला मराठी, गुजराती, संस्कृत पर्याय जमवून दिले. त्या गावात बसून आपण मुलांना ‘खळगा’ शिकवायचा?

रावपुरा_वाचक
काका, खळगा मलाही नकोच आहे. पण सातवीतली मुलगी ‘अंतर्वलन’ वाचून डोळ्यांपुढे काय आणेल?

मांडवीकर
‘वलन’ आणि ‘वळणे’ एकाच ‘वल्’ धातूचे. समजावून सांगा, आणेल.

झूऑलॉजीवाली
धातू एक असला म्हणून शब्द कळतो असं नाही. आम्ही प्रॅक्टिकलला सरळ ‘मुरड पडते’ म्हणायचो, करंजीला घालतो तशी. सगळ्यांना कळायचं.

दांडियाबाजार
करंजीची मुरड काठ बंद करायला असते हो. सारण आत जातं, पारी आत जात नाही. इथे तर अख्खी पारीच आत निघाली. मुरड पुढच्या पायरीला ठेवा. पाठीवर चपटी पट्टी तयार होते, तिच्या दोन्ही कडा उचलतात, मध्यावर भेटतात आणि नळी बनते. मेंदू आणि मज्जारज्जू तिच्यातूनच. ती खरी मुरड.

झूऑलॉजीवाली
हे मान्य. पण मग त्या नळीला ‘चेतानलिका’ म्हणू नका, मज्जानलिका म्हणा.

मांडवीकर
आणि ‘ओठ’ काय? ओष्ठ म्हणा. पृष्ठ-ओष्ठ.

रावपुरा_वाचक
‘पाठीकडचा ओठ’ मी बदलणार नाही. सगळी गंमत त्या ओठातच आहे. हिल्डे मांगोल्ड या जर्मन संशोधिकेने एका न्यूटच्या (बेडकाचाच शेपटीवाला नातलग) गर्भाचा हा तुकडा काढून दुसऱ्या, वेगळ्या रंगाच्या जातीच्या गर्भाला पोटाच्या बाजूने लावला. तिथे दुसरा कणा, दुसरी मज्जानलिका उभी राहिली, जवळजवळ जोडगर्भच. रंगांवरून कळलं की त्यातल्या पुष्कळ पेशी यजमानाच्याच. म्हणजे तुकड्याने शेजाऱ्यांना कामाला लावलं. हे १९२४ साली छापून आलं. त्याच वर्षी ती गेली. १९३५चं नोबेल तिचे गुरू श्पेमान यांना मिळालं. मुलांना तिचं नाव कळायलाच हवं.

दांडियाबाजार
त्या तुकड्याला ‘ऑर्गनायझर’ म्हणतात ना? आमच्या मुलाच्या पुस्तकात ‘आयोजक’ आहे. बडोद्यात आयोजक म्हटलं की नवरात्रीतला गरबाच.

मांडवीकर
मराठीत ‘संघटक’. ‘आयोजक’ इथे गुजरातीच्या सवयीने येतो.

ग्वाल्हेरकर_सून
आमच्याकडे ग्वाल्हेरला मराठी घरांतही ‘आयोजक’च म्हणतात, आणि तिथे गुजराती कुणी नाही. पत्रिकेवर छापतात. मग ते मराठी नाही?

मांडवीकर
मराठी आहे, पण ‘आयोजक’ कार्यक्रम ठरवतो आणि ‘संघटक’ माणसं जोडतो. हा तुकडा पेशी जोडतो.

झूऑलॉजीवाली
जोडत नाही, काय व्हायचं ते सुचवतो. दोन्ही शब्द अपुरे. ‘ऑर्गनायझर’ राहू द्या.

रावपुरा_वाचक
माझं क्रियापद राहिलंच. सध्या ‘ओठावरून वळून आत सरकतात’ असं लिहिलंय. आणखी एक आहे: आत गेलेल्या पेशी दोन्ही बाजूंनी मध्याकडे येत एकमेकींच्या फटीत घुसतात, त्यामुळे थर अरुंद होतो आणि लांबतो. गोल गोळ्याला डोकं-शेपूट अशी लांबी बऱ्याच अंशी यातून येते. याला ‘लांबण’ चालेल?

ग्वाल्हेरकर_सून
‘लांबण’ लावतात ती बोलण्याला. बरं, शेवटच्या तक्त्यावर काय लिहिणार? भेकशिशू लिहू नका हं, आम्ही बेडूकमासाच म्हणायचो.

दांडियाबाजार
आम्ही विश्वामित्रीकाठची पोरं ‘देडकीचं पिल्लू’ म्हणायचो.

मांडवीकर
देडकी गुजराती. आणि बेडूकमासा मासाच नाही, मग ते नाव शास्त्राच्या तक्त्यावर कसं चालेल?

ग्वाल्हेरकर_सून
त्याला कल्ले असतात, शेपटीने पोहतो. ज्याने नाव ठेवलं त्याने नीट बघूनच ठेवलंय, काका.