मदत हवी आहे: निपाणीहून सुपा बॅकवॉटरला मुलांकडे गाडीनं जायचंय (इन्सुलिन, गुडघे आणि शेवटचे तीन किलोमीटर)

निपाणीची_काकू:
मुलगा-सूनबाईंनी गणेशगुडीच्या अलीकडे, सुपा धरणाच्या पाण्याकाठी छोटं कॉटेज वर्षभराच्या भाड्यानं घेतलंय. दोघंही तिथूनच काम करतात. लेकही चार दिवस येणार आहे. कार्तिकात, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यावर आम्ही दोघं जाणार. गाडी साधी पेट्रोल हॅचबॅक. चालवणार हे (वय ६८), आणि इन्सुलिनही यांनाच, दिवसातून दोनदा. माझे गुडघे दुखतात. रस्त्यापासून घरापर्यंत तीन किलोमीटर कच्चा रस्ता आहे, वीज अधूनमधून जाते. येताना धारवाड, सौंदत्ती, गोकाक करत परत यायचा विचार आहे. रस्ता कुठला धरावा, इन्सुलिन कसं न्यावं, मुलांना आधी काय सांगून ठेवावं? नेमकं सांगाल तर फार बरं होईल.

लोंढा_लाईन:
काकू, जाताना निपाणी, संकेश्वर, बेळगाव, खानापूर, लोंढा, रामनगर आणि तिथून जगलबेटवरून गणेशगुडी हाच रस्ता धरा. बेळगावपर्यंत ४८ नंबरचा हायवे आहे, त्यावर हत्तरगीचा टोल लागतो. पुढे खानापूरच्या अलीकडे गणेबैलचा. फास्टॅगमध्ये शिल्लक आदल्या रात्रीच बघा.

सकाळी सातला निघा. बेळगावात नाष्टा आणि दहाच्या आत खानापूर पार. घाई करायची म्हणून नाही, खानापूरच्या पुढे जंगल लागतं आणि तिन्हीसांजेला गवे रस्त्यावर येतात म्हणून. हॅचबॅकच्या उजेडात गवा दिसतो तो अगदी जवळ आल्यावरच, कारण अंग काळं आणि डोळे रस्त्याकडे असतीलच असं नाही. उजेडात पोचलात की हा प्रश्न उरत नाही.

पेट्रोल खानापुरातच फुल्ल करा. लोंढ्यापुढच्या पट्ट्यात पाऊस संपल्यावर डागडुजी चालू असते, तेव्हा निघायच्या दोन दिवस आधी मुलाला रस्ता ताजा विचारून घ्या. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा, जंगलात रेंज तुटते. आणि ठिकाणाची खूण नुसती पिन म्हणून घेऊ नका, "अमक्या देवळापासून डावीकडे, दुसऱ्या गेटनंतर" असं शब्दांत लिहून घ्या. पाण्याच्या काठावर पिन कधी कधी समोरच्या तीरावर पडते, आणि तिकडून घर गाठायला भलताच वळसा पडतो.

औषधकट्टा:
काकांबद्दल आधी. इन्सुलिनची न उघडलेली पेनं किंवा कुप्या २ ते ८ अंशांत ठेवायच्या असतात. चालू असलेलं पेन मात्र फ्रिजबाहेर, ३० अंशांच्या आत, साधारण चार आठवडे चालतं (नेमके दिवस त्याच्या डब्यातल्या कागदावर असतात, प्रत्येक इन्सुलिनचे वेगळे). म्हणजे आठ दिवसांसाठी चालू पेन आणि एक जादा एवढं पुरतं. सगळा साठा नेऊन धोका वाढवू नका.

रुंद तोंडाचा थर्मास घ्या. तळाशी बर्फाचा पॅक, त्यावर दोन घड्यांचा टॉवेल, मग डबीत जादा पेन, वर पुन्हा कापड. पॅक पेनाला थेट टेकला तर इन्सुलिन गोठतं, आणि गोठलेलं वितळून पुन्हा पाण्यासारखं दिसलं तरी त्याचा गुण गेलेला असतो. ते टाकूनच द्यायचं. थर्मास मागच्या सीटखाली ठेवा. डॅशबोर्डवर, डिकीत किंवा बंद गाडीत सोडून जेवायला जायचं नाही, उन्हात उभ्या गाडीचा आतला ताप थोड्याच वेळात ४० च्या वर जातो.

कॉटेजात वीज गेली तर फ्रिज उघडू नका, बंद फ्रिज काही तास थंडावा धरतो. लांबली तर मातीची दोन मडकी: मोठ्यात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, छोट्यात डबी, वर ओलं फडकं, सावलीत वाऱ्याला. पाण्याची वाफ होते म्हणून आतलं थंड राहतं. हवा दमट असली की वाफ कमी होते आणि थंडावाही कमी, म्हणून ही सोय चालू पेनापुरती समजा.

आता गाडी चालवण्याचं. निघण्याआधी साखर मोजायची आणि दर दोन तासांनी थांबून पुन्हा. ९० च्या खाली असेल तर आधी खायचं, मग चावी फिरवायची. ७० च्या खाली गेली तर गाडी बाजूला, तीन-चार चमचे साखर पाण्यात किंवा ग्लुकोज, पंधरा मिनिटांनी परत मोजायचं, आणि साखर जागेवर आल्यावरही पाऊण तास स्टिअरिंग धरायचं नाही, कारण आकडा सुधारला तरी मेंदूला सावरायला वेळ लागतो. घाम, थरथर, एकाएकी चिडचिड ही लक्षणं दिसली की काकू, तुम्हीच गाडी थांबवायला सांगा, त्यांच्या स्वतःच्या लक्षात ते येत नाही. ग्लुकोजची पुडी हाताशी हवी, बॅगेच्या तळाशी नको. आणि निघायच्या आठवडाभर आधी डोसाच्या वेळांबद्दल डॉक्टरांशी बोलून घ्या.

जोयडा_वस्ती:
वरचं सगळं बरोबर. मी कच्च्या रस्त्याचं आणि घराचं सांगतो.

तांबड्या मातीचा रस्ता नोव्हेंबरात वरून वाळलेला दिसतो, पण सावलीतल्या वळणावर आत चिखल असतो. गाडी रुतली की रेस वाढवू नका, चाक फिरून खड्डा खोल करतं आणि चेसिस बसते. पुढची चाकं सरळ करा, चाकासमोरची माती हातानं काढा, पायपुसणं खाली सरकवा, दुसऱ्या गिअरमध्ये अगदी हळू क्लच सोडा. तरी नाही निघाली तर पुढच्या चाकांची हवा वीस पीएसआयपर्यंत उतरवा, चाक जमिनीवर पसरून पकड घेतं. पण हे फक्त सोबत बारा व्होल्टचा पंप असेल तरच, कारण तेवढ्या हवेवर हायवेला जाणं धोक्याचं. स्टेपनीची हवाही बघून घ्या, ती लोक वर्षानुवर्षं विसरतात. मुलाकडं उंच गाडी असेल तर सगळ्यात सोपं म्हणजे तुमची गाडी डांबरी रस्त्यावर ओळखीच्या घरी लावून त्याला न्यायला बोलवा.

मुलांना आत्ताच सांगा: पायऱ्यांची उंची मोजा. या बाजूला पायऱ्या जांभ्या दगडाच्या चिऱ्याच्या असतात आणि चिरा उभा लावला की एक पायरी नऊ इंचांच्या आसपास जाते. दुखऱ्या गुडघ्याला सहा-सात इंच झेपतात. दोन पायऱ्यांमध्ये अर्ध्या उंचीचा चिरा टाकला की झालं, अर्ध्या दिवसाचं काम. सावलीतल्या चिऱ्यावर शेवाळ धरतं, ते तारेच्या ब्रशनं घासून त्यावर ब्लीचिंग पावडरचं पाणी मारायला सांगा, नंतर स्वच्छ धुवायचं. बाथरूममध्ये प्लास्टिकची खुर्ची, बाहेर पावलापुरता रात्रीचा दिवा. खाटेची उंची गुडघ्याएवढी हवी, जमिनीवरची गादी नको.

आणि पाणी. ऑक्टोबर-नोव्हेंबरला जलाशय भरलेला असतो, घराजवळ येतो, म्हणून उतरावंसं वाटतं. पण ही नदी नाही, बुडालेला डोंगरउतार आहे. खाली जुनी झाडं आणि खुंट आहेत, जुनं सुपा गावही याच पाण्याखाली आहे. दोन पावलं पुढं तळ एकदम सुटतो आणि काठाचा गाळ पाय धरतो. काठावर बसून पाय भिजवा, पोहू नका. होडीत बसायचं असेल तर लाइफ जॅकेटचे सगळे पट्टे आवळून, मग खांद्याजवळ धरून कुणाला तरी वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत आलं तर ते सैल आहे. धरणाच्या खालच्या बाजूला, गणेशगुडी-दांडेली पट्ट्यात, वीजनिर्मितीसाठी पाणी सोडलं की पातळी थोड्या वेळात चढते. शिवाय दांडेलीकडं काळी नदीत मगरी आहेत. तिकडं काठावरही उतरू नका.

निपाणीची_काकू:
खूप आभार सगळ्यांचे. पायऱ्यांचं मनात आलंच नव्हतं, मुलाला आजच फोन करते. परतीचं आणि काय न्यावं तेही सांगा. मुलं म्हणतात काही आणू नका, पण मोकळ्या हातानं कसं जायचं.

गोकाक_हुक्केरी:
परतीला दांडेली, हळियाळ, धारवाड, सौंदत्ती, गोकाक, हुक्केरी, संकेश्वर, निपाणी. एका दिवसात ओढू नका, धारवाडला मुक्काम करा. सौंदत्तीला मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळा, यल्लम्माच्या डोंगरावर तेव्हा रांगेत उभं राहणं गुडघ्यांना जमायचं नाही. नविलुतीर्थचं धरण तिथून जवळच आहे. गोकाकचा धबधबा ५२ मीटरचा, पण खरा जोर पावसाळ्यातला. नोव्हेंबरात धार बारीक झाली असेल तर मन खट्टू करून घेऊ नका, वरूनच बघा, पायऱ्या उतरू नका.

न्यायचं म्हणाल तर बेळगावचा कुंदा जाताना घ्या, पण पोचल्यावर लगेच फ्रिजमध्ये. खव्याचा असल्यानं बंद गरम गाडीत आंबतो, म्हणून अर्धा किलोच आणि थर्मासशेजारी. गोकाकचा करदंट सुका, गूळ-डिंकाचा, बरेच दिवस टिकतो, पण तो परतीच्या वाटेवरचा, म्हणून लेकीसाठी नंतर पाठवायचा. संकेश्वरी मिरची आणि घरचा मसाला मात्र आधीच न्या, जंगलात त्याला खरी किंमत आहे. काकांच्या डब्यात मात्र धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी, म्हणजे जेवण लांबलं तर हाताशी खायला असेल.

सीमा_ताई:
काकू, एक राहिलं. सूनबाईंना कामाच्या वेळा आधी विचारून घ्या. मीटिंग दहा ते एक असेल तर तुम्ही साडेनऊला चहा उरकून काठावर जाऊन बसा, रेंज एका कोपऱ्यातच येते आणि तिथं कुकरच्या शिट्ट्या नको. स्वयंपाक एक वेळचा तुमचा, एक वेळचा त्यांचा असं पहिल्याच दिवशी ठरवा आणि डबे तिनं ठेवलेत तिथंच राहू द्या. चार रात्री पुष्कळ. आणि काकांचं थर्मास फ्रिजच्या कुठल्या कप्प्यात रिकामं करायचं ते तिला दाखवून ठेवा: वरचा बर्फाचा कप्पा नाही, मधली फळी, मागच्या भिंतीपासून लांब.